राहत्या घरांत नवें घर

नव्या विद्येचा इतिहास लिहिणारे बहुधा तिच्या जन्माची कथा सांगून थांबतात. वाफेचें यंत्र कोणीं केलें, आगगाडी प्रथम कोठून कोठें धांवली, हें शाळेंतल्या मुलांसही ठाऊक असतें. परंतु ती विद्या मोठ्या नगरांच्या बाहेर पडून आडगांवच्या घरांपर्यंत कोणत्या वाटेनें गेली, वाटेंत कोठें अडली, आणि अडली असतां कोणत्या क्षुल्लक दिसणाऱ्या युक्तीनें पुढें सरकली, हा इतिहास सहसा लिहिला जात नाहीं. वस्तुतः सामान्य मनुष्याच्या आयुष्याशीं संबंध येतो तो या दुसऱ्या इतिहासाचाच. लिनक्स या संगणक-प्रणालीच्या अशा इतिहासांतील एक प्रकरण आज आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों. बाहेरची फ्लॉपी, सीडी किंवा इंटरनेट यांपैकीं कांहींही हाताशीं नसतां, संगणकाच्या हार्ड डिस्कवरूनच त्याच हार्ड डिस्कवर ही प्रणाली कशी बसवितां येऊं लागली, एवढाच या प्रकरणाचा विषय. विषय लहान खरा. पण त्यांत एक मोठा प्रश्न गुंतलेला आहे. एखादी वस्तु घेण्याचा हक्क सर्वांस दिला, म्हणजे ती वस्तु सर्वांस मिळाली असें होतें काय?

हा प्रश्न आम्ही मुंबईपुण्याच्या बाजूनें न पाहतां नांदुऱ्याच्या बाजूनें पाहणार आहों. बुलढाणा जिल्ह्यांतील हें तालुक्याचें गांव मुंबई–नागपूर लोहमार्गावर, मलकापूर आणि जलंब यांच्यामध्यें वसलेलें आहे. हमरस्त्यावरील १०५ फुटी हनुमंताच्या मूर्तीमुळें तें प्रवाशांच्या ओळखीचें झालें आहे. हा लोहमार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला, आणि १८७० सालीं जलंबहून खामगांवच्या कापूस-बाजारापर्यंत फांटा निघाला. वऱ्हाडचा कापूस या रुळांवरून मुंबईस आणि तेथून मँचेस्टरकडील गिरण्यांस जाई, व त्याचें कापड होऊन परत येई. मात्र कापड जितक्या त्वरेनें आलें, तितक्या त्वरेनें तें विणणाऱ्या यंत्राची विद्या आली नाहीं. तयार माल रुळांवरून सहज येतो. तो माल घडविण्याचें, मोडण्याचें व दुरुस्त करण्याचें सामर्थ्य मागाहून, रखडत येतें. संगणकाच्या बाबतींत हाच अनुभव पुन्हां आला.

आतां मूळ अडचण काय ती समजून घेऊं. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे संगणकाचा कारभारी. कळफलकावरील अक्षर पडद्यावर आणणें, फाईल डिस्कवर ठेवणें, एका वेळीं चाललेल्या अनेक कामांस आळीपाळीनें वेळ देणें, हें सर्व त्याच्या हातचें. हा कारभारी स्वतः हार्ड डिस्कवर राहतो. संगणक सुरू झाला कीं यंत्रांतच कोरलेला एक छोटा कार्यक्रम जागा होतो. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत तो डिस्कच्या अगदीं पहिल्या खंडांतील ५१२ बाइट उचलतो. त्यांपैकीं अवघ्या ४४६ बाइटांत पुढील वाट दाखविणारा मजकूर असतो, ६४ बाइटांत डिस्कच्या वांटणीचा तक्ता असतो, आणि उरलेल्या दोहोंत ओळखीची खूण. या चिमुकल्या चिठ्ठीवरून मोठा कारभारी हुडकला जातो. म्हणजे प्रणाली सुरू करण्यास आधीं कोणी तरी सुरू झालेला लागतो. मग नवा कारभारी बसवावयाचा तर त्याला आंत आणणार कोण? फ्लॉपी किंवा सीडी असेल तर तो बाहेरून येतो, आणि जुन्यास काढून जागा घेतो. तें साधन नसेल तर जुन्यानेंच नव्याला आंत घ्यावयाचें, आणि नव्यानें जुन्याच्या अंगणांत उभें राहून आपलें घर बांधावयाचें. ज्या फांदीवर बसलों तीच तोडण्याचा हा प्रकार. म्हणून त्यास युक्ति लागते.

विशेष हें कीं लिनक्सचा जन्मच अशा अडचणींतून झाला. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें जानेवारी १९९१ मध्यें नवा संगणक घेतला, आणि त्यावर प्राध्यापक टॅनेनबॉम यांची मिनिक्स ही अध्यापनासाठीं रचलेली प्रणाली बसविली. त्या मिनिक्सच्या आश्रयानें त्यानें स्वतःच्या प्रणालीचा गाभा लिहिला, २५ ऑगस्ट १९९१ रोजीं त्याची वार्ता प्रसिद्ध केली, आणि सप्टेंबरांत पहिली प्रत सर्वांस खुली केली. ती प्रत स्वतःच्या पायांवर उभी नव्हती. तिचें संकलन करण्यास मिनिक्सच लागे. त्या वर्षाच्या अखेरीस टोरव्हाल्ड्सच्या हातून एक चूक झाली. टेलिफोनच्या मोडेमला द्यावयाची आज्ञा त्यानें हार्ड डिस्कच्या मिनिक्स असलेल्या भागालाच दिली, आणि मिनिक्सचा आरंभ पुसला गेला. तो पुन्हां बसविण्याऐवजीं त्यानें आपल्या लिनक्सलाच तेथील संसार सोंपविला. डिसेंबरच्या प्रतीपासून लिनक्सवर लिनक्स घडवितां येऊं लागलें. जुन्या घरांत बांधलेलें नवें घर जुनें घर पडल्यावर उभें राहिलें, तें असें.

पुढील वर्षीं, १९९२ सालीं, टोरव्हाल्ड्सनें आपली कृति जीपीएल या परवान्याखालीं आणली. हा परवाना अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांच्या चळवळीचा. १९८३ सालीं त्यांनीं ग्नू या प्रकल्पाची घोषणा केली, आणि १९८९ सालीं हा परवाना प्रसिद्ध केला. त्याचें सार इतकेंच कीं प्रणाली वापरावी, तिचा मूळ मजकूर वाचावा, तींत बदल करावा, तिच्या प्रती वांटाव्या. मात्र ज्यास प्रत द्याल त्यास हेच हक्क द्यावे. महाराष्ट्रीय वाचकांस हा भेद समजण्यास परदेशीं जावयास नको. महानुभाव पंथाचे ग्रंथ शतकानुशतकें सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत राहिले. ते मराठीच होते, पण लिपीची किल्ली ज्याच्यापाशीं नाहीं त्याला पोथी हातीं असूनही बंदच होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाड्यांनीं सकळ लिपी उलगडली, तेव्हां आद्य मराठी गद्याचें एक दालनच अभ्यासकांस खुलें झालें. पंथानें लिपी योजिली ती ग्रंथांच्या रक्षणासाठीं, आणि व्यापारी कंपन्या मूळ मजकूर झांकतात त्या नफ्यासाठीं. हेतु भिन्न असले तरी बाहेरच्या वाचकापुढील भिंत सारखीच. जीपीएलनें ती भिंत काढून टाकली.

येथें एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. डिस्कवर बसवितां येईल असा लिनक्सचा जो एक आरंभींचा संच निघाला, तो फेब्रुवारी १९९२ मध्यें मँचेस्टरच्या संगणक-केंद्रानें काढला. ज्या नगरास वऱ्हाडचा कापूस जाई, तेथूनच हें वस्त्र आतां निघालें. आणि या खेपेस कापडाबरोबर मागही देऊं केला होता, विणण्याची रीतही. पुढें १९९३ च्या जुलैंत स्लॅकवेअर आणि ऑगस्टांत डेबियन हे संच सुरू झाले. हक्काच्या दृष्टीनें नांदुऱ्याचा विद्यार्थी आणि हेलसिंकीचा विद्यार्थी आतां एका पायरीवर आले होते.

परंतु हक्क मिळाला तरी माल यावयाचा होता. एका फ्लॉपीवर १.४४ मेगाबाइट मावत. पूर्ण संच हवा तर फ्लॉपींची चवड लागे, आणि तींतील एक नासली कीं सारी मेहनत वायां. भारतांत सामान्य ग्राहकांस इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून, व तेंही आरंभीं मोजक्या महानगरांत. टेलिफोनच्या तारेवरून सेकंदास फार तर ५६ हजार बिट येत. ६५० मेगाबाइटांची एक सीडी या वेगानें उतरवून घेण्यास पंचवीस तासांहून अधिक लागतात, तेही रेषा क्षणभरही न तुटतां! ही कोंडी फोडली ती मासिकानें. पीसी क्वेस्ट या भारतीय मासिकानें १९९६ पासून आपल्या अंकाबरोबर लिनक्सची सीडी देण्यास प्रारंभ केला. जी वस्तु तारेनें येईना ती टपालाच्या थैलींतून येऊं लागली. एका अंकाची सीडी वर्गणीदाराच्या घरून मित्राकडे, मित्राकडून महाविद्यालयांत जावी, आणि तेथें तिच्या प्रती व्हाव्या, यांत चोरी मुळींच नव्हती. परवान्याचा तर तोच हेतु होता.

तरी अडचण उरतेच. सीडी आली, पण घरच्या संगणकास सीडी वाचणारें यंत्रच नसेल, किंवा तें धुळीनें आंधळें झालें असेल, तर? अशा वेळीं लोक सीडीचा मजकूर कोणत्या तरी उपायानें हार्ड डिस्कवर आणीत. मित्राच्या संगणकाला केबलनें जोडून, अगर डिस्कच खोलून, ती दुसऱ्या संगणकाला लावून. सामान अशा प्रकारें अंगणांत येऊन पडलें, तरी घर बांधणारा गवंडी आंत शिरावयाचा होता. ज्या तीनचार युक्त्यांनीं ही वाट मोकळी झाली, त्यांच्या कर्त्यांचीं नांवें आज फारशीं कोणास ठाऊक नाहींत.

हान्स लेर्मेन यांनीं ‘लोडलिन’ हा छोटा कार्यक्रम लिहिला. तो डॉसमध्यें चालवावयाचा; तो लिनक्सचा गाभा डिस्कवरून उचलून रॅममध्यें ठेवी, सारी सत्ता त्याच्या हातीं देई, आणि डॉस मुकाट्यानें बाजूस होई. पाहुणा म्हणून घेतलेल्यास दारांतच किल्ल्या सोंपविण्याचा हा प्रकार होता. जाक जेलिना यांच्या ‘यूएमएसडॉस’ने याहून मौज केली. डॉसच्याच एका कप्प्यांत सगळें लिनक्स राहूं शके. डॉसला लांब नांवें, फाईलचा मालक, परवानग्या हें कांहीं कळत नसल्यामुळें, प्रत्येक कप्प्यांत एक जादा फाईल ठेवून तींत या सर्वांची नोंद केली जाई. वेर्नर आल्मेसबर्गर यांच्या ‘लिलो’ने आरंभींच दोन्ही कारभाऱ्यांपैकीं कोण हवा तें विचारण्याची सोय केली. आणि १९९६ च्या सुमारास आल्मेसबर्गर व लेर्मेन या दोघांनीं मिळून जी ‘इनिटआरडी’ची योजना आणली, तिनें तर या विद्येचा पायाच घातला. घर बांधीपर्यंत कुटुंबानें जशी राहुटी ठोकून राहावें, तशी ही रॅममध्यें ठोकलेली राहुटी होय. गाभा सुरू होतांच तो प्रथम या राहुटींत उतरतो, तेथून डिस्क न्याहाळतो, सामान कोठें आहे तें शोधतो, आणि मग बांधकामास लागतो.

डेबियनच्या संचांत ही रीत पुढें इतकी सुटसुटीत झाली कीं डिस्कवर तीनच फाईली ठेवाव्या लागतात: एक गाभा, एक राहुटी, आणि एक संपूर्ण सीडीचें जसेंच्या तसें चित्र. राहुटींतील कार्यक्रम डिस्कचे सर्व भाग धुंडाळून तें चित्र हुडकतो, आणि जणू खरी सीडीच खांचेंत घातली आहे अशा थाटांत तें उघडतो. नियम एकच, पण तो कठोर आहे: ज्या भागांत तें चित्र ठेवलें, तो भाग काम चालू असतां पुसतां येत नाहीं. ज्या खोलींत विटा रचल्या तीच खोली पाडून कसें चालेल? म्हणून डिस्कचे आधींच दोन भाग करणें आणि मौल्यवान कागदपत्रांची प्रत अन्यत्र काढून ठेवणें, हीं या विधीचीं आद्य अंगें ठरलीं.

२००१ सालीं विंडोज एक्सपी आली, आणि तिच्या पोटांत डॉस उरला नसल्यामुळें लोडलिनचें दार बंद झालें. पुढें २००४ च्या ऑक्टोबरांत उबुंटु हा संच निघाला. त्याचे चालक मागेल त्याला सीडी टपालानें फुकट पाठवीत. ही उदारता २०११ पर्यंत चालली. एप्रिल २००८ च्या उबुंटुबरोबर ‘वुबी’ नांवाचें साधन आलें. विंडोजमध्यें एखादा सामान्य कार्यक्रम बसवावा तसें लिनक्स बसवावयाचें. तें विंडोजच्याच भागांतील एका मोठ्या फाईलींत राही, आणि नकोसें झालें तर तसेंच काढूनही टाकतां येई. भित्र्या मनुष्यास याहून मोठें आश्वासन कोणतें? घर मोडण्याचें भय ज्यास वाटतें, त्याला हें बिऱ्हाड फार सोईचें होतें.

तथापि याच साधनाचा दुबळेपणा आमच्या भागांस अधिक बाधणारा होता. फाईलींतील ही प्रणाली विंडोजच्या भागाच्या आधारावर उभी असे. वीज एकाएकीं गेली तर दोन्ही घरांचा पाया एकदम हादरण्याचा संभव असे. आणि त्याच वर्षांत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून व लहान शहरांतून भारनियमन चाललेलें होतें! परदेशांतील कर्त्यानें जो प्रसंग अपवाद म्हणून गणला, तो येथें नित्याचा होता. साधन कोणत्या परिस्थितींत घडलें आणि कोणत्या परिस्थितींत वापरलें जातें, यांतील अंतर इतिहासकारानें विसरूं नये, तें याचसाठीं. वुबीला २०१३ च्या एप्रिलांत उबुंटुनें निरोप दिला.

भाषेची वाटही अशीच टप्प्याटप्प्यानें उघडली. रेड हॅट या कंपनीनें २००४ सालीं ‘लोहित’ हे भारतीय लिप्यांचे टंक मुक्त परवान्याखालीं प्रसिद्ध केले. ते मूळ घडविले होते पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनें, म्हणजे मराठी छापखान्यांस सुपरिचित अशा श्रीलिपीच्या कर्त्यांनीं. १४ फेब्रुवारी २००९ रोजीं प्रसिद्ध झालेल्या डेबियनच्या पांचव्या आवृत्तींत स्थापनेच्या भाषांमध्यें मराठीची प्रथमच भर पडली. मात्र ती चित्रमय पडद्यावरच मिळे; साध्या अक्षर-पडद्यावर जोडाक्षरें व वेलांट्या नीट उमटत नसल्यामुळें तेथें तिला स्थान नव्हतें. तरी संगणकाची ही पहिली वाटाघाट मराठींत होऊं शकली, हें थोडें नव्हे.

इतक्या वाटा खुल्या होऊनही घरोघर लिनक्स गेलें नाहीं, हें स्पष्ट सांगणें इतिहासकाराचें कर्तव्य आहे. त्याचीं कारणें केवळ तांत्रिक नाहींत. विंडोजची परवान्यावांचूनची प्रत सर्वत्र हातोहात मिळे, आणि फुकटच्या वस्तूशीं मुक्त वस्तूची स्पर्धा होईना. २००१ पासून सुरू झालेल्या एमएससीआयटीसारख्या अभ्यासक्रमांतून ज्या हजारों लोकांनीं संगणक शिकला, त्यांच्या लेखीं संगणक म्हणजेच विंडोज असें समीकरण झालें. मराठी टंकलेखनाचे जुने टंक विंडोजशीं बांधलेले, म्हणून कचेऱ्या व छापखाने तेथेंच राहिले. शेजारच्या सवयीचें बळ परवान्याच्या बळाहून मोठें असतें. केरळानें शाळांतूनच मुक्त प्रणाली शिकविली, आणि सवय घडविण्याचें काम सरकारनें पत्करलें. आपल्याकडे तें व्यक्तीव्यक्तीच्या हौसेवर राहिलें.

२०१२ च्या सुमारास दारालाच नवें कुलूप आलें. जुन्या ५१२ बाइटांच्या चिठ्ठीची जागा यूईएफआय या नव्या पद्धतीनें घेतली, आणि ‘सिक्युअर बूट’च्या योजनेमुळें ज्या कारभाऱ्याजवळ मान्य सहीची चिठ्ठी असेल त्यालाच यंत्र आंत घेऊं लागलें. सही मुख्यतः मायक्रोसॉफ्टची. चोरास अडविण्यासाठीं लावलेलें हें कुलूप घरधन्यासही अडवील कीं काय, अशी रास्त शंका तेव्हां निघाली. मॅथ्यू गॅरेट यांनीं सिद्ध केलेल्या ‘शिम’ या लहान दुव्यानें ती अडचण बरीचशी निवारली. मायक्रोसॉफ्टची सही घेतलेला हा दुवा पुढें लिनक्सला वाट करून देतो. तरीही आपल्या घरांत कोणास घ्यावें यासाठीं परक्याची सही लागावी, ही गोष्ट विचार करण्यासारखी खास आहे.

हें सारें जुनें पुराण म्हणून मिटून ठेवतां येत नाहीं, याचें कारण १४ ऑक्टोबर २०२५. त्या दिवशीं विंडोज १० चा नियमित आधार संपला. तिच्या जागीं आलेली विंडोज ११ ही सुरक्षेची विशिष्ट चिप आणि बऱ्यापैकीं नवा प्रोसेसर मागते. त्यामुळें अगदीं धडधाकट असलेले असंख्य संगणक एका रात्रींत ‘जुने’ ठरले. शाळेच्या खोलींतले, दुकानाच्या गल्ल्यावरचे, मुलांच्या अभ्यासासाठीं हप्त्यानें घेतलेले. त्यांपुढें तीन वाटा आहेत: भंगारांत जाणें, दुरुस्ती न होणाऱ्या प्रणालीवर धोका पत्करून चालत राहणें, किंवा त्याच हार्ड डिस्कवर नवा कारभारी बसविणें. तिसरी वाट आज पूर्वीहून पुष्कळ सोपी आहे. इंटरनेट गांवोगांव पोंचलें आहे, पेनड्राइव्ह स्वस्त आहे. आणि तोही नसेल तर ‘ग्रब’ हा आरंभींचा वाटाड्या डिस्कवरील सीडीचें चित्र थेट उघडूं शकतो. मात्र जुने नियम बदललेले नाहींत: कागदपत्रांची प्रत आधीं बाहेर काढावी, सामानाचा भाग वेगळा ठेवावा, आणि विजेची खात्री असल्यावांचून डिस्कच्या वांटणीस हात घालूं नये. डिस्कच मोडकळीस आली असेल तर कोणतीही युक्ति चालत नाहीं. पडक्या जोत्यावर नवें घर उभें राहत नसतें.

आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर या इतिहासानें दिलेंच आहे. परवान्यानें हक्क दिला १९९२ सालीं. पण तो हक्क नगरापासून दूरच्या घरांत शिरला तो लोडलिन, राहुटी आणि तीन फाईली यांच्या हातानें. मोठ्या घोषणा करणाऱ्यांचीं नांवें राहतात, आणि तीं राहावींच. परंतु ज्याच्यापाशीं बाहेरचें कांहीं नाहीं त्यानें घरांत आहे त्यावरूनच कसा आरंभ करावा, याची चिंता ज्यांनीं वाहिली, त्यांचेंही ऋण तितकेंच आहे. कापूस पिकविणाऱ्या आमच्या मुलखास तयार कापडाची संवय फार दिवसांची. या खेपेस माग अंगणांत येऊन पडलेला आहे. तो उभारणें आतां घरच्या माणसांकडे आहे.